त्रेचाळीस जणांचं ‘मिळालं’

पाहुण्यांना पडद्यावर दाखवायला एक चांगलंसं चित्र हवं होतं, म्हणून श्याओबाई सकाळी दहा वाजता फोनवर शाळेचा ग्रुप उघडून मागे मागे जात होत्या.

पाहुणे म्हणजे बावीस शाळांचे मुख्याध्यापक. साडेअकराला त्यांची बस येणार, बाराला जेवण, दीडला श्याओबाईंचं भाषण. चार वर्षांपूर्वी लिनशीच्या या शेतकी शाळेला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी बांबूची बनं, पटावर जेमतेम दीडशे मुलं, आणि दर उन्हाळ्यात एकच आवई, की ही शाळा आता खालच्या गावच्या शाळेत मिसळणार. श्याओबाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि त्यांनी अख्खी शाळा उद्योगाला लावली. मुलांची कंपनी काढली. बांबूचे कोंब तेल-मिरचीत घालून बरण्यांत भरायचे आणि फोनच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहून थेट विकायचे, हे काम मुलं करू लागली. चाळीसेक मास्तरांच्या डोक्यात जे काय होतं ते सगळं एका ड्राइव्हवर आलं, आणि त्या फोल्डरला बाईंनी नाव दिलं ‘ज्ञानाचं कोठार’. जिल्ह्याने मानाची पाटी दिली. आता बाकीचे मुख्याध्यापक बघायला येत होते, की ही बाई करते तरी काय.

बाई काय करत, तर मुख्यतः ग्रुपवर लिहीत. आणि ग्रुपवर काहीही आलं की आमच्याकडच्या कुठल्याही शाळेत होतं तेच इथे होई: सगळे जण खाली ‘मिळालं’ लिहीत. हे ‘मिळालं’ म्हणजे वाचलं असं नव्हे, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. थोर माणूस खोलीत आलं की आपण उठून उभे राहतो, तसलाच हा प्रकार. मुख्याध्यापिकेने आधी लिहिलं तर मग विचारायलाच नको. बाकीच्यांनी धडाधड री ओढायची, कारण शेवटी जो लिहितो त्याचंच नाव डोळ्यात भरतं.

बाईंना हवी होती ती सर्वांत लांब रांग. ती सापडली अठ्ठावीस जुलैच्या संध्याकाळची. एकाखाली एक त्रेचाळीस ‘मिळालं’. पहिलं त्यांचं स्वतःचंच: ‘मिळालं. गोंग सर, फार कष्ट घेतलेत!’ आणि सोबत कमरेत वाकून नमस्कार करणारा ससा. त्याखाली सगळ्यांचे ससे, अस्वलं आणि कोंबड्या. बाई खूश झाल्या. त्यांनी चित्र घेतलं, भाषणात चिकटवलं, आणि मग त्यांच्या मनात आलं की वर गोंग सरांचा मजकूर आहे, त्यात चुका नसल्या म्हणजे मिळवली. सर बोटाने अक्षरं काढून लिहीत, एकाच्या जागी दुसरंच उमटे. मजकूर लांबलचक होता, म्हणून फोनने तो दोन ओळींवर मुडपून ठेवला होता. बाईंनी ‘पुढे वाचा’वर बोट ठेवलं.

गोंग सर म्हणजे अन्नप्रक्रिया विभागाचे मास्तर. चौतीस वर्षं नोकरी करून एक ऑगस्टला निवृत्त झाले. बाईंनी भरवलेल्या संगणकाच्या वर्गात ते शेवटच्या बाकावर बसत आणि दर वेळी चष्मा घरी विसरत. एकदा बाई सगळ्यांदेखत त्यांना म्हणाल्या होत्या, “सर, तुम्ही जाल तेव्हा चौतीस वर्षं तुमच्याबरोबर जाणार. डोक्यातलं तेवढं ग्रुपवर टाकून जा हो!” सगळे हसले होते, सरही हसले होते. आणि जायच्या तीन दिवस आधी त्यांनी खरोखरच टाकलं होतं.

‘बाई आणि सर्व मंडळींना नमस्कार,’ सरांनी लिहिलं होतं. ‘यंदा बरणी मोठी आणली आहे. दिसायला छान आहे. पण ती पोटात जाड आहे, आणि दाबाच्या टाकीत पंचवीस मिनिटांत उष्णता तिच्या मध्यापर्यंत पोचत नाही. पंचवीस मिनिटं जुन्या लहान बरणीची. मोठीला किमान पन्नास लागतील असा माझा अंदाज. पण मध्यभागी तापमापक घालून बघितल्याशिवाय एकही बरणी बाहेर देऊ नका. कोंब म्हणजे अननस नव्हे, त्यात आंबटपणा नाही. आत विष धरलं तर वास येत नाही, चव बदलत नाही, झाकण फुगेलच असंही नाही. कोठारातल्या तक्त्यात अजून पंचवीसच आहे. तक्त्याला हात लावायची मला भीती वाटते, बिघडला तर काय करा. कोणीतरी तेवढं बदलून घ्या. एवढं लिहायला मला तीन दिवस लागले, चुकलंमाकलं माफ करा.’

मजकुरात चूक एकही नव्हती.

श्याओबाईंनी तो दुसऱ्यांदा वाचला. मोठी बरणी त्यांनीच आणवली होती. मध्य-शरद सणाच्या भेटीच्या खोक्यात लहान बरणी अगदीच भिकार दिसते, असं त्यांनीच म्हटलं होतं. सण आठवड्यावर आला होता. गेल्या दहा दिवसांत मुलांनी त्या बरण्या तैपेईपासून समुद्रकाठापर्यंत घरोघर पाठवल्या होत्या.

‘बदलून घेतलंच असेल कोणीतरी,’ त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि उठल्या. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला, एरवी त्या कधी धरत नसत.

प्रक्रियेच्या शेडमध्ये फंगबाई भेटीची खोकी लावत होत्या. सत्तावीस वर्षांची पोर. गोंग सरांच्या जागी एक ऑगस्टला रुजू झालेली. बावीस खोकी, एकेकात दोन बरण्या आणि वर लाल फीत.

“फंगबाई, मोठ्या बरण्या टाकीत किती वेळ ठेवल्यात?”

“पंचवीस मिनिटं, बाई. एकशे एकवीस अंशावर. अगदी मिनिटाचा फरक नाही. मी घड्याळ लावून समोर उभी होते.”

“पंचवीस?”

“कोठारातल्या तक्त्यात तेच आहे ना. तुम्हीच म्हणाला होतात, इकडचं तिकडचं विचारत बसू नका, सगळं कोठारात आहे.” फंगबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. “काय झालं बाई? माझं काही चुकलं का?”

“ग्रुपवर गोंग सरांनी लिहिलेलं तुम्ही...” बाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. ग्रुपमध्ये नवं माणूस आलं की त्याला आधीचं काही दिसत नाही. फंगबाई आल्या त्या दिवसापासूनचंच त्यांना दिसत होतं. ज्या एका माणसाने ते वाचायला हवं होतं, तेवढ्यालाच ते दिसत नव्हतं. आणि ज्या त्रेचाळीस जणांना दिसत होतं, त्यांनी ससे पाठवले होते.

“किती बरण्या केल्यात?”

“सहाशे वीस. विकल्या गेल्या पाचशे साठ. चव्वेचाळीस ही खोक्यांत आहेत. चार बरण्या स्वयंपाकघराच्या मावशींनी आजच्या जेवणाला नेल्या. उरलेल्या त्या कपाटात.”

बाईंनी एक बरणी उचलून उजेडात धरली. तेल लालबुंद, कोंब पिवळेधमक, झाकण सपाट. काहीसुद्धा दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणूनच त्यांना जास्त धास्ती वाटली. बरणी खाली ठेवताना ती शेजारच्या बरणीवर आपटून वाजली, आणि फंगबाई रडायला लागल्या.

उद्योग विभागाचे प्रमुख ल्यू सर. बाईंनी त्यांना ऑफिसात बोलावलं, दार लावलं आणि फोन पुढे केला. ल्यू सर मजकूर वाचता वाचता खुर्चीत खाली खाली सरकत गेले. वाचून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “बाई, हे अजून कोणी वाचलंय?”

“कोणीच नाही. तेच तर झालंय.”

“मग थांबा जरा. घाई नको. दहा दिवसांत कोणाचा फोन आलाय का? कोणाचं पोट दुखलंय? नाही ना? उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“ल्यू सर, गोंग सर म्हणतायत की...”

“गोंग सर एरवीही म्हणायचेच. चौतीस वर्षं त्यांना सगळ्याचीच भीती. आपण असं करू, चार बरण्या गुपचूप तपासायला पाठवू. आठ-दहा दिवसांत कळेल. तोवर पाहुणे येतील, जेवतील, जातील. आज पाहुण्यांसमोर हे निघालं ना बाई, तर पुढच्या वर्षी पटावर पन्नाससुद्धा पोरं राहायची नाहीत. शाळा गेली म्हणून समजा.” त्यांनी आवाज खाली आणला. “आणि पहिलं ‘मिळालं’ कोणाचं आहे, ते सगळ्या वर्तमानपत्रांत येईल.”

श्याओबाईंना त्यांचा राग यायला हवा होता. पण राग आला नाही. उलट, खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं. आपल्या मनात जे चाललंय ते दुसऱ्या कोणीतरी बोलून दाखवलं की माणसाला बरं वाटतं, मग ते कितीही हलकट का असेना. त्यांनी फोन हातात घेतला आणि आपल्या त्या सशावर बोट दाबून धरलं. दीड महिन्यापूर्वीचा शब्द मागे घेता येत नव्हता. आपल्या फोनवरून पुसता येत होता. बाकी सगळ्यांच्या फोनांवर तो तसाच नमस्कार करत राहिला असता.

“मी गोंग सरांना फोन करते,” त्या म्हणाल्या.

सावध करायला म्हणून त्यांनी तो फोन केला नाही. सरांनी ‘अहो, मी उगाच जास्त लिहिलं, पंचवीसही चालतात’ असं म्हणावं, एवढ्यासाठी केला. बुडत्याला काडीचा आधार.

फोन बराच वेळ वाजला.

“बाई! आज कशी आठवण झाली?” गोंग सरांचा आवाज जड येत होता, दाताच्या डॉक्टरकडून आत्ताच आल्यासारखा. “ग्रुपमधून मला अजून काढलं नाही म्हणून ना? बाहेर कसं पडायचं तेच मला सापडत नाही हो.”

“तसं नाही सर. सहज. बरे आहात ना?”

“बरा आहे. म्हातारपण. कालपासून सगळं दोन-दोन दिसतंय. बायको दोन दिसतात. एकीलाच आजवर भीत आलो, आता दोघींना भ्यायचं.” सर हसले, आणि ते हसू मध्येच घशात अडकलं. “डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचंय सोमवारी. पापण्या उचलतच नाहीत.”

बाईंच्या टेबलावर दुसऱ्या पडद्यावर त्यांनी नुकतंच उघडलेलं एक पान होतं. डब्यातल्या अन्नाच्या विषबाधेची लक्षणं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, दुहेरी दिसणे. दुसऱ्या ओळीत, पापण्या जड होणे. तिसरीत, बोबडं बोलणे, गिळायला त्रास. ती ओळ वाचत असतानाच त्यांना पलीकडून सर पाण्याचा घोट घेताना आणि खोकताना ऐकू येत होते.

“सर,” बाई म्हणाल्या, “तुम्ही मुलांकडून बरण्या घेतल्या होत्या का?”

“सहा! ती युनशी कॅमेऱ्यासमोर इतकं ओरडत होती, की म्हटलं घेऊन टाकू. पोरांनी स्वतः वर घरी आणून दिल्या. रोज सकाळी पेजेबरोबर खातो. झकास झालेत हो कोंब. हिला तिखट चालत नाही, सगळे मलाच. फक्त तोंड फार कोरडं पडतं, मीठ थोडं कमी करायला सांगा त्या नव्या बाईंना.” ते दम खायला थांबले. “पन्नास मिनिटंच ठेवली ना? का पंचावन्न? मध्याला तापमान किती आलं ते मला विचारायचंच होतं.”

समोर ल्यू सर हाताने ‘काय, काय’ असं विचारत होते.

“सर, ऐका. ती बरणी बाजूला ठेवा. काही खाऊ नका, पाणीसुद्धा नको, ठसका लागेल. वहिनींना शेजारी बसायला सांगा, दार उघडं ठेवा. मी रुग्णवाहिका पाठवते.”

“रुग्णवाहिका? कोणासाठी?”

“तुमच्यासाठी, सर.”

गोंग सरांना डोकं होतं. चौतीस वर्षं त्यांनी पोरांना हेच शिकवलं होतं. त्यांनी काहीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, “बरं.” आणि मग जड जिभेने, एकेक शब्द सोडवून सोडवून: “बाई, बाकीच्या बरण्या कोणाकोणाकडे गेल्यात?”

त्यानंतरची वीस मिनिटं श्याओबाईंना पुढे कधी सलग आठवली नाहीत. रुग्णवाहिकेसाठी एकशे एकोणीसला फोन केला तेव्हा सरांच्या घराची वाट त्यांना धड सांगता येईना, ल्यू सरांनी फोन ओढून घेऊन सांगितली. तो माणूस पांढराफटक पडला होता, पण वाट त्याने बिनचूक सांगितली. आरोग्य खात्याला फोन लावला. तिथल्या बाईने शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “हे कशामुळे झालं म्हणून लिहू?”

“तक्त्यात बदल करायचा राहून गेला,” श्याओबाई म्हणाल्या.

राहून गेला. जसा काही तो स्वतःच्या पायांनी चालत येऊन दुरुस्त होणार होता. बोलल्याबरोबर त्यांना स्वतःची लाज वाटली, पण शब्द बदलायचं धैर्य झालं नाही.

मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं: ‘कोंबांच्या मोठ्या बरण्या कोणीही खाऊ नका. आजच्या जेवणात असतील तर ताबडतोब काढा. पाहुण्यांना देऊ नका. विषबाधेचा धोका आहे.’

पाठवलं आणि श्वास सोडला. सोडतात न सोडतात तोच पहिलं उत्तर आलं, ग्रंथालयाच्या बाईंचं: ‘मिळालं!’ आणि हातात सणाची चांद्रपोळी धरलेलं अस्वल. मग गणिताच्या सरांचं ‘मिळालं’. मग खेळाच्या सरांचं. ‘मिळालं, बाई, आपण फार कष्ट घेताय.’ ‘मिळालं.’ ‘मिळालं, पाहुण्यांच्या स्वागताला सज्ज!’ स्वयंपाकघराच्या मावशींचंही आलं, नाचणाऱ्या कोंबडीसकट. एका मिनिटात एकतीस.

श्याओबाई त्या रांगेकडे बघत राहिल्या. कोणीही वाचलेलं नव्हतं.

खिडकीतून त्यांना फाटक दिसत होतं. बस येऊन उभी होती. अर्धा तास आधी. आणि बस रिकामी होती.

छप्पन्न वर्षांच्या मुख्याध्यापिकेला शाळेच्या आवारात पळताना त्या दिवशी मुलांनी पहिल्यांदाच पाहिलं. जेवणघराच्या दारात त्यांचा एक बूट निघाला, तो त्यांनी तिथेच टाकला. आत बावीस मुख्याध्यापक चहाच्या पेल्यांपुढे बसले होते, आणि भुकेल्या पाहुण्यांना नुसतं बसवायचं कसं म्हणून मावशींनी मोठ्या मनाने चवीपुरत्या बशा आधीच मांडल्या होत्या. प्रत्येक बशीत लाल तेलातले चार-पाच कोंब.

“मावशी! मी आत्ता काय लिहिलं?”

“‘मिळालं’ म्हटलं की मी!”

“काय मिळालं? वाचलंत का?”

“बाई, बावीस माणसांचा भात लावू का वाचत बसू?” मावशी करवादल्या, आणि मग बाईंच्या एका अनवाणी पायाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी हातातला डाव खाली ठेवला.

श्याओबाई टेबलाजवळ गेल्या आणि पाहुण्यांच्या पुढ्यातून बशा उचलायला लागल्या. समुद्रकाठच्या शाळेचे एक जाडजूड मुख्याध्यापक जेवायच्या काड्यांत कोंब धरून तसेच थांबले. बाईंनी त्यांच्या काड्यांवरच हात मारला. कोंब टेबलावर पडला. आमच्याकडे पाहुण्याच्या काड्यांना हात लावणं म्हणजे त्याच्या तोंडात मारल्यासारखंच.

“माफ करा,” बाई धापा टाकत म्हणाल्या. “हे नीट निर्जंतुक झालेलं नाही. यात विष असू शकतं. ही... शाळेची चूक आहे. कोणी खाल्लंय का?”

तेच जाडजूड गृहस्थ हळूच म्हणाले, “मी दोन तुकडे खाल्ले. चांगले होते.”

त्यांना तसंच उठवून, त्यांच्या बशीतले कोंब ज्या बरणीतले होते तिच्यासकट, मागवलेल्या दुसऱ्या रुग्णवाहिकेत घातलं. जाताना ते बाईंना म्हणाले, “भाषण राहिलं तुमचं.” थट्टेत म्हणाले की काय, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

विकलेल्या बरण्यांची यादी मुलांच्या कंपनीकडे होती. दोनशे एकतीस घरं. युनशी ही तिसऱ्या वर्षाची मुलगी कंपनीची व्यवस्थापक. तिने लगेच फोन काढला. “बाई, मी सगळ्यांना एकदम मेसेज टाकते. दोन मिनिटांचं काम आहे.”

“नको!” बाई इतक्या जोरात ओरडल्या की पोर दचकली. “मेसेज नको. एकेकाला फोन करायचा. माणसाचा आवाज आला पाहिजे. ‘बरणी बाजूला काढली, कोणी खाणार नाही’ असं त्याने तोंडाने म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. आणि घरात कोणाला दोन-दोन दिसतंय का, गिळायला त्रास होतोय का, ते विचारायचं.”

“सणाच्या भेटी आहेत बाई. कोणी पुढे दुसऱ्याला दिल्या असल्या तर?”

“तर त्या दुसऱ्याचा नंबर घ्यायचा.”

संगणकाच्या खोलीत चाळीस मुलं आणि सगळे मास्तर फोन लावत बसले. आवाजात आवाज मिसळून नुसता कल्ला झाला. मुलं शिव्या खात होती, रडत होती, आणि पुढचा नंबर लावत होती. चार वाजेपर्यंत दोनशे सात घरं झाली. ताइनानच्या एका म्हातारीला ऐकू कमी येत होतं; फंगबाई तिला पंधरा मिनिटं ओरडून ओरडून सांगत होत्या, “आजी, खाऊ नका! नाही नाही, पैसे नकोत! खाऊ नका!” चोवीस घरांत फोन कोणी उचलतच नव्हतं. ल्यू सर त्या चोवीस नंबरांपुढे बसून राहिले होते, एक झाला की दुसरा, परत पहिल्यापासून.

बाई जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा गोंग सरांना श्वासाच्या यंत्राला लावलेलं होतं. औषध तैपेईहून निघालं होतं. तरुण डॉक्टरीण भराभर बोलली: विष नसांना धरतं, स्नायू एकेक करून बंद पडतात, औषध मिळालं की पुढे पसरणं थांबेल, पण जे बंद पडलं ते परत यायला महिने लागतील, वय बघता दोन दिवस काही सांगता येत नाही. आणि मग, जाता जाता: “त्यांच्यासमोर बोलताना जपून बोला हं. डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही, पण शुद्ध पूर्ण आहे. सगळं ऐकू येतंय त्यांना.”

पलंगाशी सरांची बायको बसली होती. बुटकी, साठीची बाई, मांडीवर सरांचा चष्मा आणि फोन. श्याओबाईंना पाहून ती उठायला लागली.

“बसा वहिनी, बसा.”

“तुम्ही स्वतः आलात,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच बाईंना सोसेना. तक्रार असती तर तिच्यामागे लपता आलं असतं. “मला काही कळत नाही हो बाई. कसं झालं असेल हे? मी विचारलं होतं यांना पहिल्याच दिवशी. म्हटलं, बरणी नवी आहे, तुम्हीच म्हणत होतात मोठ्या बरणीचं काही खरं नाही म्हणून, मग खाताय कशाला? तर यांनी मला फोन काढून दाखवला. म्हणाले, अगं, मी सगळं लिहून दिलंय, आणि हे बघ, बाईंनी स्वतः उत्तर दिलंय, सगळ्यांच्या आधी. चौतीस वर्षांत पहिल्यांदा माझं कोणी इतक्या लगेच ऐकलं, म्हणाले. तो ससा मलाही दाखवला. दोन दिवस येईल त्याला दाखवत होते.”

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ‘राहून गेलं’ म्हणता आलं असतं. ‘शाळेची चूक’ म्हणता आलं असतं. नव्या मास्तरणीला दिसलं नाही, तक्ता जुना राहिला, हेही सगळं खरंच होतं. खोलीत यंत्र एकसुरी फुसफुसत होतं, आणि त्यांना भीती वाटत होती.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “मी ते वाचलं नव्हतं.”

“काय?”

“सरांनी लिहिलेलं. मी वाचलंच नव्हतं. न वाचताच उत्तर दिलं. आज सकाळी दहा वाजता पहिल्यांदा वाचलं.”

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मांडीवरच्या फोनकडे. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. चष्मा त्यांनी पदराआड धरल्यासारखा दोन्ही हातांत झाकून घेतला आणि मान पलंगाकडे वळवली.

“मला नका सांगू,” त्या म्हणाल्या. “त्यांना सांगा. ऐकू येतं त्यांना.”

श्याओबाई उठल्या आणि पलंगाजवळ गेल्या. सरांचा चेहरा सैल पडला होता, तोंडात नळी होती. त्या वाकल्या, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात त्यांनी ते परत म्हटलं. “सर, मी वाचलं नव्हतं.” गोंग सरांच्या पापण्या हलल्या नाहीत. त्या हलू शकणारच नव्हत्या, डॉक्टरणीने सांगितलं होतं. तरी बाई तिथून हलल्या नाहीत, बघत उभ्या राहिल्या.